पट्टीचा पोहणारा बार्जवर का बुडतो?

गेल्या काही वर्षांत जे तापोळ्याला जाऊन आले, त्यांनी शिवसागराच्या, म्हणजे कोयना जलाशयाच्या, पाण्यातून वर येणारे पुलाचे खांब पाहिले असतील. तापोळा ते आहिर असा हा केबल-स्टेड, म्हणजे उंच मनोऱ्यावरून ताणलेल्या तारांनी पेललेला पूल. खांब पाण्यात उभे करायचे म्हणजे क्रेन, ड्रिलिंगची यंत्रं, सळई, काँक्रीट सगळं पाण्यावर तरंगतं ठेवावं लागतं आणि त्याच्यावर माणसं चढवावी लागतात. हे आपल्या सातारा जिल्ह्यातलं झालं. त्याहून कितीतरी मोठी कामं किनाऱ्यावर चालू आहेत. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं, वर्सोवा ते वांद्रे सागरी सेतू बांधला जातोय, रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल ठरलेत. या कामांवर वेल्डर, फिटर, रिगर (क्रेनला वजन बांधणारा), क्रेन ऑपरेटर, सर्व्हेअर, हेल्पर म्हणून सातारा-सांगलीतली पोरं जातात. कोणी पाटणचा, कोणी जावळीचा, कोणी पलूस-वाळव्याचा. आयटीआय झालं, सहा महिने पुण्याच्या कंपनीत काढले, मग ओळखीच्या ठेकेदाराने बार्जवर, म्हणजे अशा तरंगत्या ओट्यावर, बोलावलं. पगार बरा मिळतो, राहणं-जेवण तिथेच.

घरच्यांना विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "आमचा पोरगा कृष्णाकाठचा आहे. पट्टीचा पोहणारा. पाण्याची भीती नाही."

हे ऐकलं की मला धस्स होतं. नदीकाठच्या माणसाला पाण्याचा जो भरवसा असतो तो खोटा नाही, पण कामाच्या बोटीवर तो फार थोड्या वेळा उपयोगी पडतो. तिथला धोका वेगळा असतो आणि तो बहुतेक वेळा पाण्यात पडण्याच्या आधीच येऊन उभा राहिलेला असतो. तो नेमका कुठे असतो, ते पाहू.

आधी बोटींची ओळख

बार्ज म्हणजे सपाट तळाचा, चौकोनी, पोलादी तरंगता ओटा. बहुतेक बार्जला स्वतःचं इंजिन नसतं. तापोळ्याला गाड्या पलीकडे नेणारा तराफा ज्यांनी पाहिलाय, त्यांना कल्पना येईल. बार्ज त्याचाच मोठा भाऊ, फक्त त्याच्यावर गाड्यांऐवजी क्रेन उभी असते. जलाशयात मोठा बार्ज ट्रकने नेता येत नाही, म्हणून तिथे लोखंडी पेट्या एकमेकींना जोडून तो तयार करतात. या पेट्यांना साइटवर पंटून म्हणतात.

बार्ज ओढणारी किंवा ढकलणारी ताकदवान बोट म्हणजे टग. माणसं ने-आण करणारी छोटी बोट म्हणजे लाँच. बोट चालवणारा तांडेल किंवा सारंग, हाताखालचे खलाशी. बाकीचे आपल्यासारखे, म्हणजे जमिनीवरचं काम शिकून पाण्यावर आलेले. सगळ्यात जास्त जपावं लागतं ते या शेवटच्या गटाला. कारण वेल्डरला वेल्डिंग येतं, पण पायाखालची जमीन हलते तेव्हा कसं उभं राहायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

"पोहता येतं, मग भीती कसली?"

नदीत आपण उडी मारतो तेव्हा अंगावर चड्डी असते, श्वास भरून घेतलेला असतो आणि पाणी कुठे खोल आहे हे ठाऊक असतं. बार्जवरून माणूस पडतो तो बेसावध पडतो. पायात सेफ्टी शूज, कमरेला पान्यांचा पट्टा, अंगात जाड कपडे, डोक्याला हेल्मेट. पडताना बार्जच्या कडेवर किंवा लोखंडी पाइपवर डोकं आपटलं तर तो पाण्यात पोहोचतो तेव्हाच शुद्धीवर नसतो. बेशुद्ध माणसाला पोहता येत नाही, मग त्याने लहानपणी कृष्णा कितीदा पार केली असेना.

शुद्धीवर असला तरी समोर पोलादाची उभी, शेवाळलेली भिंत असते. नदीला घाट असतो, काठ असतो, झुडूप असतं. बार्जला धरायला काही नसतं. बाजूने प्रवाह असेल तर तो माणसाला सरळ बार्जच्या सपाट तळाखाली ओढून नेतो, आणि तिथून वर यायला वाट नाही. खाडीत भरती-ओहोटीचं पाणी पुलाच्या खांबांमधून जातं तेव्हा चांगल्या पोहणाऱ्यालाही त्याच्या विरुद्ध हात मारता येत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारूच नका. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, हाच प्रवाह बराच नरम असतो. म्हणून जुना तांडेल कामाचा दिवस ठरवताना तिथी पाहतो, त्यात अंधश्रद्धा काही नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या वेळात तो श्वास घेतो, हाक मारायला हवा उरत नाही. जनरेटरच्या आवाजात पाच फुटांवरच्या माणसालाही कळत नाही, की शेजारचा गेला.

सगळ्यात घातक दोन फूट

जाणत्या तांडेलाला विचारा, दिवसातला सगळ्यात धोक्याचा क्षण कोणता. तो क्रेनकडे बोट दाखवणार नाही. लाँचमधून बार्जवर पाय टाकण्याचा क्षण, असं सांगेल.

लाँच हलकी, बार्ज जड. लाट आली की लाँच झटकन वर जाते, बार्ज जागचा फारसा हलत नाही. दोघांमधली दोन फुटांची फट क्षणात बंद होते, क्षणात चार फूट होते. त्या फटीत पाय गेला आणि लाँच परत येऊन आदळली तर पायाचं काय होतं, हे लिहायला नको. आता आपल्या पोराचं चित्र डोळ्यांसमोर आणा: एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात मोबाइल, पाठीवर सॅक, लाइफ जॅकेटचे पट्टे सुटे, आणि मागून कोणीतरी "चल रे लवकर" म्हणतोय.

याच्यावरचे उपाय बिनखर्ची आहेत. दोन्ही हात मोकळे हवेत, सामान नंतर दोराने वर ओढून घ्यायचं. जॅकेटचे सगळे बकल लाँचमध्ये बसायच्या आधी लावायचे. एका वेळी एकच माणूस. तोंड शिडीकडे, आणि दोन हात, दोन पाय यांपैकी तीन नेहमी कशाला तरी टेकलेले. पाऊल टाकायचं ते लाँच लाटेवर पुरती वर आलेली असताना, म्हणजे ती पुढच्या क्षणी खाली जाते आणि पाय चेंगरत नाही. खाली असताना शिडी धरली तर लाँच वर येऊन पायावर बसते. तांडेल "हां" म्हणाल्याशिवाय हलायचं नाही. उडी तर मारायचीच नाही, आणि बोट दूर राहावी म्हणून हाताने किंवा पायाने ती ढकलायची नाही. ते काम कडेला लावलेल्या टायरांचं.

मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. सकाळी भरतीला धक्क्यावरून सरळ लाँचमध्ये पाऊल टाकून गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो तेव्हा तोच धक्का त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर असतो. तेव्हा शेवाळलेली शिडी चढावी लागते, तीही दिवसभर राबून थकल्यावर आणि अंधारात. परतीच्या वेळेला धक्क्यावर दिवा आहे का, शिडी खालपर्यंत पोहोचते का, हे सकाळीच पाहून ठेवायचं.

"लाइफ जॅकेटमध्ये उकडतं"

उकडतंच. एप्रिलच्या दुपारी लोखंडी डेकवर फोमचं नारिंगी जॅकेट घालून काम करणं सोपं नाही, आणि जे म्हणतात त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. फुगणारं जॅकेट हा त्यावरचा उपाय आहे. ते खांद्यावरून घ्यायच्या पातळ पट्ट्यासारखं असतं. आत कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी असते. माणूस पाण्यात पडला की ती आपोआप उघडते आणि जॅकेट फुगतं.

जॅकेट-जॅकेटमध्ये फरक असतो. पर्यटकांच्या बोटीत देतात ती पातळ जॅकेटं शुद्धीवर असलेल्या माणसाला तरंगायला मदत करतात, एवढंच. कामाच्या बोटीवर हवं ते १५० न्यूटनचं. न्यूटन हे जोर मोजायचं माप. १५० न्यूटन म्हणजे साधारण १५ किलो वर उचलण्याचा जोर. असं जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणं करून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवू शकतं. जड अवजारं अंगावर असतील तर २७५ न्यूटनचं लागतं. आकडा जॅकेटच्या आतल्या चिठ्ठीवर छापलेला असतो, जॅकेट मागून घेऊन तो वाचता येतो.

फुगणाऱ्या जॅकेटची नळी वापरून झालेली असेल किंवा सैल असेल तर ते जॅकेट म्हणजे गळ्यातला नुसता कापडी पट्टा. रोज घालताना नळी घट्ट आहे का आणि खूण हिरवी आहे का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. मांड्यांमधून जाणारा पट्टाही लावायचा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून कानाशी येतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी फुगणाऱ्या जॅकेटला भोकं पडतात, म्हणून वेल्डरला त्याच्यावर न जळणारं आवरण असलेलंच द्यायला हवं. हे मागणं वेल्डरचा हक्क आहे.

क्रेनने वजन उचललं, की बार्जला काय होतं?

हा भाग जरा तांत्रिक आहे, पण समजून घ्यायलाच हवा, कारण अख्खा बार्ज उलटतो तेव्हा जॅकेट घातलेले आणि न घातलेले सगळेच त्याखाली सापडतात.

गळीत हंगामात उसाची शीग लावून भरलेली ट्रॉली आपण रोज पाहतो. सपाट डांबरी रस्त्यावर ती कारखान्यापर्यंत सुखरूप जाते. पण एक चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं, की वरचा भार बाहेर झुकतो, मोळ्या त्याच बाजूला सरकतात, सरकलेल्या मोळ्या तिला आणखी झुकवतात. एका हद्दीनंतर ट्रॅक्टरवाल्याच्या हातात काही राहत नाही. बार्जचं हुबेहूब असंच होतं.

वजन डेकवर ठेवलेलं असतं तोवर त्याचा भार खाली असतो. क्रेनने ते डेकपासून चार बोटं जरी उचललं, तरी बार्जच्या हिशेबाने ते वजन क्रेनच्या उंच टोकाला लटकलेलं असतं. म्हणजे सगळा भार एका क्षणात वर चढतो. क्रेन कडेकडे वळली, की बार्ज त्या बाजूला कलतो. कलला की क्रेनचं टोक आणखी बाहेर जातं, म्हणून तो आणखी कलतो.

इथे एक चूक फार होते. प्रत्येक क्रेनसोबत तक्ता येतो: इतक्या अंतरावर इतकं वजन उचला. तो जमिनीवरच्या क्रेनसाठी, सपाट उभी असताना लागू असतो. तीच क्रेन बार्जवर चढवली तर तक्त्यातले आकडे कमी करून घ्यावे लागतात, कारण दोन-तीन अंशांचा कलसुद्धा क्रेनच्या दांड्याला आडवा ताण देतो. किती कमी करायचे ते त्या बार्जसाठी इंजिनिअरने हिशेब करून लिहून द्यायचं असतं. "जमिनीवर तर आरामात उचलते" हे वाक्य बार्जवर ऐकू आलं, की समजावं हिशेब झालेला नाही.

पाण्यात रुतलेला पोलादी पाइप उपसून काढताना तर आणखी जपावं लागतं. गाळाने तो धरून ठेवलेला असतो. क्रेन ताण देत राहते, बार्ज त्या बाजूला दबत राहतो, आणि पाइप अचानक सुटतो. त्या क्षणी बार्ज उसळी घेतो. कडेला उभी असलेली माणसं अशा वेळी फेकली जातात. असा पाइप काढताना डेकवर कामाशिवाय कोणी नको.

मोळ्यांसारखं सरकणारं दुसरं ओझं म्हणजे आत साठलेलं पाणी. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद पंटून घ्या. त्याच्या तळाशी फक्त पाच सेंटिमीटर पाणी साठलंय, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. बहात्तर चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर म्हणजे ३.६ घनमीटर, म्हणजे ३.६ टन. पंटून जरा कलला, की हे सगळं पाणी खालच्या कडेला धावतं. म्हणून आतली पोकळी पत्र्याच्या आडभिंतींनी वेगवेगळ्या कप्प्यांत विभागतात. मधोमध उभी एक भिंत घालून रुंदीचे दोन समान भाग केले तरी कल वाढवण्याची या पाण्याची ताकद चौथ्या हिश्शावर येते. पण भिंतीला भोक पाडून केबल नेली, किंवा एका कप्प्याचं झाकण उघडं राहिलं, की हा फायदा गेला. रोज सकाळी प्रत्येक कप्प्यात काठी घालून पाणी मोजणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि ते करणाऱ्या माणसाला मी इंजिनिअरइतकाच मान देईन.

समुद्रात वापरलेले पंटून जलाशयात आणले तर ते थोडे जास्त बुडतात, कारण खारं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं. फरक लहान आहे, पण काठोकाठ भार भरलेल्या बार्जला तो पुरतो.

दोराच्या वाटेत उभं राहू नका

बार्ज दोरांनी आणि नांगरांनी जागेवर धरलेला असतो. नायलॉनचा जाड दोर ताणला की लांबतो आणि ती ताकद स्वतःत साठवतो. तुटला, की सगळी एकदम सोडतो. तुटलेलं टोक इतक्या वेगाने परत येतं, की ते पाहून बाजूला होणं माणसाच्या आवाक्यात नाही. पाय तुटतात, जीव जातो.

पूर्वी डेकवर रंगाचे पट्टे मारून धोक्याची जागा दाखवत. आता जाणकार सांगतात, की दोर खांबाला वळसा घालून गेला असेल तर तुटलेलं टोक कुठल्या दिशेने येईल याचा नेम नसतो, तेव्हा ताणलेला दोर असेल तर तो अख्खा भाग धोक्याचा धरा. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, ताणलेला दोर ओलांडायचा नाही, टग बार्ज ओढत असताना मागच्या डेकवर रेंगाळायचं नाही. भरती-ओहोटीच्या पाण्यात दोर सैल-घट्ट करत राहावे लागतात. भरतीला आवळून बांधलेली छोटी बोट ओहोटीला दोराला लटकते, आणि मग कोणीतरी घाईने कोयता घेऊन तो कापायला धावतो. तो धावणारा बहुतेक वेळा नवाच असतो.

झाकण उघडलं, की लगेच उतरायचं नाही

सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

बार्जच्या पोटातले कप्पे महिनोन्‌महिने बंद असतात. आत ओलसर लोखंड गंजत राहतं. गंज म्हणजे लोखंडाने हवेतला ऑक्सिजन खाणं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. बंद कप्प्यात तो इतका उतरू शकतो, की शिडीवरून आत गेलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. वास येत नाही, घुसमट होत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. शरीराला धोक्याची सूचनाच मिळत नाही.

मग वरचा मित्र पाहतो, की तो खाली पडलाय. तो "अरे!" म्हणून मागोमाग उतरतो. मग तिसरा. आपल्याकडे जुन्या विहिरीत किंवा गोबरगॅसच्या टाकीत एकापाठोपाठ माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो, त्यातला भाऊ भावाच्या मागे उतरलेला असतो. बार्जवरही जातात ती माया असलेलीच माणसं.

आत जायचं तर आधी झाकणं उघडी ठेवून पंख्याने हवा खेळवायची. मग वायू मोजायचं यंत्र दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी मोजायचं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. लेखी परवानगी, झाकणापाशी न हलणारा पहारेकरी, आत जाणाऱ्याच्या अंगात दोर बांधलेला पट्टा. आतला कोसळला तर वरच्याने दोराने ओढायचं, आरडाओरडा करून मदत बोलवायची, पण श्वासाच्या सिलिंडरशिवाय खाली पाय ठेवायचा नाही. उघडी ज्योत किंवा मेणबत्ती सोडून हवा तपासण्याचा जुना प्रकार इथे करू नका, आत पेटणारा वायू असला तर स्फोट होईल.

"कोयनेत कुठे लाटा असतात?"

समुद्रात धोका, तळ्यात सुरक्षित, असा समज आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळजवळ पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली, डझनाहून अधिक माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. सांगली जिल्ह्याने हे दुःख पाहिलंय, आणि तरीही आठ जणांच्या लाँचमध्ये बारावा माणूस "एकच फेरी आहे" म्हणून बसतो.

कोयनेच्या जलाशयाला दोन्ही बाजूंनी डोंगर आहेत. वळवाचा वारा दरीतून सुटला, की लांबलचक पाण्यावर दहा-पंधरा मिनिटांत आखूड, उभट लाटा उठतात. समुद्राच्या लांब लाटेवर बोट डुलते. या आखूड लाटा सपाट पंटूनच्या कडेवर आदळून पाणी थेट डेकवर टाकतात. पातळी उतरली की पाण्याखालचे जुने बांध आणि बुंधे वर येतात, बोटीच्या पंख्यात अडकतात. शिवाय जलाशयाकाठच्या कांदाटी खोऱ्यात मोबाइलची रेंज सगळीकडे लागत नाही आणि मोठा दवाखाना गाठायला महाबळेश्वरचा घाट चढावा लागतो. समुद्रावर निदान व्हीएचएफ रेडिओचा, म्हणजे बोटीवरच्या बिनतारी संचाचा, संकटात हाक द्यायचा १६ नंबरचा चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर असतो. जलाशयावर प्रत्येक बोटीत वॉकी-टॉकी आणि काठावर ऐकणारा माणूस, हे ठेकेदारालाच उभं करावं लागतं.

समुद्रावरची मोठी शिकवण मे २०२१ मधली आहे. तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा राहण्याचा बार्ज नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्याच्यावर २६१ माणसं होती. नौदलाने आणि तटरक्षक दलाने १८० हून अधिक जणांना वाचवलं, पण ७० हून अधिक गेले. वादळाचा इशारा आधीच आलेला होता. अंगात जॅकेट असलेलेही कित्येक जण त्या लाटांत रात्रभर टिकले नाहीत. म्हणजे जॅकेट हवंच, पण वादळ येण्याआधी माणसं किनाऱ्यावर आणणं त्याच्याहून आधी हवं.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधी आकडा ठरलेला हवा: वारा इतका झाला की क्रेन बंद, इतका झाला की माणसं काठावर. आणि थांबवण्याचा अधिकार काम वेळेत संपवण्याची जबाबदारी असलेल्या माणसाकडे नसावा. तो बोटीच्या तांडेलाकडे असावा. त्याने नाही म्हटलं, की इंजिनिअरनेही नाही म्हणायचं.

माणूस पाण्यात पडलाच तर

ज्याने पाहिलं त्याने मोठ्याने ओरडायचं आणि हात त्या माणसाकडे रोखून ठेवायचा. नजर काढायची नाही, दुसरं काही करायचं नाही. लाटांमध्ये नजर एकदा हटली, की डोकं पुन्हा सापडत नाही. दुसऱ्याने तरंगणारी रिंग फेकायची. वाचवायला उडी घ्यायची नाही, कारण मग शोधायची माणसं दोन होतात. बोट जवळ नेल्यावर इंजिन न्यूट्रलला. पंख्याच्या पात्यांनी माणसं मेलेली आहेत.

म्हणून पाण्यावर काम चालू असेल तोवर एक मोकळी बोट चालकासह तयार उभी हवी. सिमेंटच्या गोण्या आणायला गेलेली बोट ही सुरक्षेची बोट धरायची नाही. तिच्यात शिडी किंवा जाळी हवी, कारण भिजलेल्या, थकलेल्या माणसाला उंच कडेवरून वर ओढणं दोघा-तिघांनाही जमत नाही. हे एकदा मुद्दाम सराव करून पाहावं, मग कळतं.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे पहिली हाक येते ती "पालथा करा, पोटातलं पाणी काढा" अशी. हे करू नका. पोट दाबल्याने उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटं वाया जातात. श्वास चालत नसेल तर त्याला हवा हवी आहे. उताणा झोपवा, मान मागे, नाक चिमटीत, तोंडाने पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाब आणि दोन श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत चालू. कोणीतरी तोवर १०८ ला फोन करायचा. माणूस शुद्धीवर आला, "मी बरा आहे" म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनंतरही त्रास देतं.

"बोललो तर घरी पाठवतील"

ही भीती खरी आहे आणि गावातल्या माणसाला ती सगळ्यात जास्त असते, कारण ठेकेदार बहुधा ओळखीचा, नात्यातला किंवा गावचाच असतो. "तात्या, जॅकेट फाटलंय" असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पण कायदा यात कामगाराच्या बाजूचा आहे. इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ नुसार देशांतर्गत पाण्यावर चालणाऱ्या यांत्रिक बोटींना नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यानुसार नियुक्तिपत्र द्यावं लागतं. आपल्या सुरक्षेची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. जिवाला तातडीचा धोका दिसला तर ते मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवता येतं, आणि मालकाला लगेच उपाय करावा लागतो.

एकट्याने बोलणं जड जात असेल तर सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर प्रश्न म्हणून विचारा: "साहेब, आज सुरक्षेची बोट कोणती?" "या लाँचची क्षमता किती?" "आज वारा किती सांगितलाय?" तक्रार वाटत नाही आणि उत्तर द्यावंच लागतं. उत्तर नसेल तर तेही दहा जणांनी ऐकलेलं असतं.

घरच्यांनीही थोडं करायचं आहे. पोरगा निघताना नियुक्तिपत्राचा फोटो, ठेकेदाराचं आणि मुख्य कंपनीचं नाव, साइट इंजिनिअरचा नंबर घरी ठेवून घ्या. मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले असतील तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. वय १८ ते ६० लागतं, आणि ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून काम चालू असतानाच घ्यावा लागतो, कारण साइट बंद झाल्यावर सही करायला कोणी सापडत नाही. फोनवर "जेवलास का" विचारून झालं, की पुढचा प्रश्न हा विचारा: आज तुझ्या जॅकेटची नळी पाहिलीस का?